रुजुवात

छत्रपतींच्या राज्याची घडी कशी असावी हे सांगण्यासाठी इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी जे 'आज्ञापत्र' सिद्ध केले, त्यातील दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी थोडका मजकूर आहे. आणि कारखान्यांतील सुरक्षेविषयी आज जे लिहिले-बोलले जाते ते सारे वाचून झाल्यावर त्या थोडक्या मजकुराकडे परत यावे, तर मूळ तत्त्वात फारशी भर पडलेली नाही असेच दिसून येते. दारूचे कोठार घराजवळ नसावे, घरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या रोखात नसावे, त्याला तळघर असावे, आत सर्दी पोहोचू देऊ नये, भोवती रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीविना कोणी फिरकू नये, एवढे सांगून अमात्य थांबले असते तर ती एक चांगली नियमावली झाली असती, इतकेच. परंतु ते पुढे आणखी एक गोष्ट सांगतात : दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू, बाण वगैरे सर्व सामान बाहेर काढवून त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ते ठेवावे.

या आज्ञेतील दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. एक, तपासणीची मुदत ठरलेली आहे. संशय आला म्हणजे पाहावे, किंवा दुर्घटना घडली म्हणजे चौकशी करावी, असे म्हटलेले नाही. दुसरी, सामान बाहेर काढावयाचे आहे. दारासमोर उभे राहून 'सर्व ठीक' असा शेरा मारून परत फिरावयाचे नाही. आपल्या जुन्या दप्तरांत यासाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे रुजुवात. कागदावर जे लिहिले आहे ते आणि कोठारात जे प्रत्यक्ष आहे ते, ही दोन्ही समोरासमोर ठेवून एकास एक पडताळून पाहणे, हा त्याचा अर्थ. आज आपण ज्याला सेफ्टी ऑडिट किंवा सुरक्षा-लेखापरीक्षण म्हणतो, ते याहून निराळे काही नाही. पैशांच्या लेखापरीक्षणात वही आणि तिजोरी यांची रुजुवात होते, तर येथे नियम आणि मनुष्याचा देह यांची होते, एवढाच भेद.

कायद्याचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मुलांच्या मजुरीवर मर्यादा घालणारा पहिला कारखाने अधिनियम १८८१ सालचा; त्यानंतर नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून रविवारच्या सुटीसारखी साधी गोष्ट १८९० साली पदरात पाडून घेतली; स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला, आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, त्यात घातक प्रक्रियांविषयीचे प्रकरण जोडले गेले. सुरक्षा-लेखापरीक्षण कसे करावे याचे भारतीय मानक १९९८ पासून उपलब्ध आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर अशी जबाबदारी टाकली आहे, की आगीविरुद्धची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे. वाचकाने हे दोन महिने लक्षात ठेवावेत. प्रकरणाच्या अखेरीस मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

नियतकालिक तपासणीने काय साधते हे पाहावयाचे असेल, तर आपल्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही साखर कारखान्याच्या बॉयलर-घरात जावे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या काठी लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या वर्षअखेरीस सुरू झाले, आणि तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि पाठोपाठ गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ हा या जिल्ह्याच्या जीवनक्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे. सभासद येतात, नारळ फुटतो, विस्तव घातला जातो. परंतु हा विस्तव घालण्यापूर्वी बरेच काही घडलेले असते. बॉयलर थंड करून रिकामा केलेला असतो, त्याची झाकणे उघडलेली असतात, निरीक्षक ड्रममध्ये अंग आक्रसून शिरतो, नळ्यांच्या आत क्षारांचा थर किती बसला आहे, कोणत्या नळीची भिंत झिजून पातळ झाली आहे हे पाहतो, मग पाणी भरून नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देऊन कोठे पाझर फुटतो काय याची परीक्षा घेतो, सुरक्षा-झडप ठरलेल्या दाबाला उघडते याची खात्री करून घेतो, आणि मगच साधारणतः बारा महिन्यांपुरते प्रमाणपत्र देतो.

बॉयलर असा तपासावा की न तपासावा याविषयी आज कोणी वाद घालीत नाही, आणि त्यासाठी खर्च फार येतो अशी कुरकुरही कोणी करीत नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला, १९२३ साली तो अखिल भारतासाठी झाला, आणि प्रमाणपत्राविना विस्तव नाही ही गोष्ट तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणी पडून गेली. म्हणजे तपासणीची मुदत ठरलेली असली, तपासणारा त्रयस्थ असला आणि तपासणीत नापास झालेले यंत्र खरोखरच बंद ठेवावे लागत असले, की भयंकरातले भयंकर यंत्रदेखील मनुष्याच्या आज्ञेत राहते. त्याच कारखान्यात बॉयलरपासून वीस पावलांवर मात्र निराळे जग असते. उसाच्या पट्ट्याच्या साखळीवरील जाळी दुरुस्तीसाठी काढलेली असते ती पुन्हा बसविलेली नसते; उंचावरच्या जाळीदार वाटेचा कठडा एका बाजूला सुटलेला असतो आणि तेथे सुतळी बांधलेली असते; बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाजवळ बिडी ओढू नये असे लिहिलेल्या फलकावरची अक्षरे उन्हापावसाने पुसून गेलेली असतात. बॉयलरला जी मुदत आहे, ती या जाळीला, या कठड्याला आणि या फलकाला नाही.

शिवाय कारखाना ज्या दिवशी बांधला त्या दिवशी जसा होता तसा तो राहत नाही. साखरेला डिस्टिलरी जोडली जाते, डिस्टिलरीला इथेनॉलचा प्रकल्प जोडला जातो, सहवीजनिर्मिती येते, आणि उसाच्या रसाची सवय असलेल्या आवारात सहज पेट घेणाऱ्या अल्कोहोलच्या टाक्या उभ्या राहतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवगाव तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला लागलेली आग ज्यांनी पाहिली, त्यांना या बदलाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. माणसेही बदलतात. हंगामी कामगार गेल्या वर्षीचा नसतो, कंत्राटदाराचा माणूस गेल्या महिन्याचाही नसतो. त्याला आपत्कालीन दरवाजा कोणता हे कोणी दाखविलेले नसते. एकदा केलेली तपासणी या बदलांपुढे शिळी होते, यास्तव ती वारंवार करावी लागते.

धोके सगळेच असे आवाज करून येत नाहीत. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलहून अधिक गोंगाट कानांवर पडू लागला, तर ऐकू येणे वर्षानुवर्षे असे बेमालूम कमी होत जाते की, घरातली माणसेच आधी ओळखतात. बुरशी आलेल्या जुन्या बगॅसची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसांचा जो विकार जडतो त्याला वैद्यकात 'बगॅसोसिस' असे नावच आहे, आणि बगॅस ओलसर ठेवणे, उघड्यावर जुनी गंजी साठू न देणे एवढ्या साध्या उपायांनी तो पुष्कळसा टळतो. नगर शहरात आणि संगमनेरात घरोघरी बिड्या वळणाऱ्या स्त्रियांचे तर घर हेच कामाचे ठिकाण. तंबाखूची भुकटी आणि स्वयंपाकाची भांडी एकाच खोलीत असतात, आणि तेथे पाहणी करावयास जाणारा कोणताही अधिकारी उंबरठ्यावर येत नाही. आरोग्याची तपासणी सुरक्षेच्या तपासणीपासून वेगळी काढता येत नाही ती याच कारणाने : अपघाताचा पंचनामा तरी होतो, झिजेचा होत नाही.

आता मी जी हकीकत सांगणार आहे ती कारखान्यातली नाही, एका शेतकरी वस्तीवरची आहे. तथापि कामाच्या ठिकाणाचा तिच्याहून स्वच्छ धडा मला ठाऊक नाही. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासे तालुक्यातील वाकडी या गावी एका जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत बायोगॅसचे शेण-पाणी साठविले जात असे. त्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला, मग तिसरा. असे एकामागून एक सहा जण उतरले आणि त्यांतील पाच जण मरण पावले. जो एक वाचला, त्याने उतरताना कमरेला दोर बांधला होता, म्हणून त्याला वर ओढून घेता आले.

कुजणाऱ्या शेणातून निघणाऱ्या वायूंत मिथेन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो आणि हायड्रोजन सल्फाइडही असतो. हा शेवटचा वायू विशेष कपटी. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि अधिक झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो, म्हणून वास गेला की धोका गेला असे वाटते ते नेमके उलट असते. बंद खड्ड्यात प्राणवायू विरळ झालेला असतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. साखर कारखान्यातील मोलॅसिसच्या टाकीत, सांडपाण्याच्या हौदात, डिस्टिलरीच्या पाचनपात्रात हीच स्थिती असते, आणि तेथेही मरणारांत पहिल्याला वाचवायला गेलेले असतातच, कारण आपला माणूस डोळ्यांदेखत पडलेला असताना थांबणे ही गोष्ट मनुष्यस्वभावाच्या पलीकडची आहे. ते थांबणे आधी शिकवावे लागते, आणि त्याची साधने आधी तेथे ठेवावी लागतात : वायू मोजण्याचे यंत्र, हवा खेळविण्याचा पंखा, लेखी परवाना, तोंडाशी उभा राहून आत कधीही न उतरणारा एक माणूस, आणि दोर. लेखापरीक्षक जेव्हा टाकीच्या तोंडाशी येऊन 'दोर कोठे आहे?' असे विचारतो आणि कामगार 'स्टोअरमध्ये आहे, साहेब, चावी मुकादमाकडे आहे' असे उत्तर देतो, तेव्हा त्या दोघांच्या संभाषणाकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. वाकडीच्या विहिरीत जीवन आणि मरण यांच्यामधले अंतर तेवढेच होते.

येथपर्यंत तपासणी झाली पाहिजे, असे मी सांगत आलो. परंतु याच जिल्ह्यात अशी एक घटना घडली आहे की, जिच्यामुळे तपासणी झाली एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. साऱ्या महाराष्ट्राचे मन हेलावून गेले, आणि राज्यभरच्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचेही ते झाले. त्यानंतर दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबिजेच्या दिवशी सकाळी, त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात आग भडकली. हा कक्ष करोनाच्या रुग्णांसाठी नव्याने उभारलेला होता. आत सतरा रुग्ण होते. त्यांपैकी अकरा त्या दिवशी मृत्यू पावले. विजेच्या तारांतील दोषामुळे आग लागली असावी असे प्राथमिक अनुमान प्रकट झाले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, काही डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावर कारवाई झाली. आणि या साऱ्या गदारोळात एक वस्तुस्थिती पुढे आली : ऑडिट झालेले होते, उणिवा दाखविल्या गेल्या होत्या, परंतु त्यानुसार जी यंत्रणा बसवावयाची ती पुरती बसलेली नव्हती.

अतिदक्षता कक्ष ही जागाच अशी आहे, की तेथे अर्धी पूर्तता म्हणजे पूर्तता नव्हेच. वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालू असतात, व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप यांचा भार तारांवर अखंड असतो, हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढलेले असते आणि अशा हवेत जे एरवी धुमसले असते ते भडकते; खिडक्या बंद असतात, म्हणून धूर आतच कोंडतो; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आतला मनुष्य उठून पळू शकत नाही, तो नळ्यांनी खाटेला जखडलेला असतो. कारखान्यात आग लागली तर कामगार निदान दाराकडे धावतो. येथे दाराने रुग्णाकडे यावे लागते. त्या दिवशी बहिणी आपल्या भावांना ओवाळण्याची तयारी करीत होत्या, आणि काहींच्या घरी रुग्णालयातून निरोप आला.

कारवाई झालेल्या परिचारिकांविषयी त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. कोणाचा दोष किती हा निर्णय न्यायासनाचा आहे, माझा नाही. परंतु पाळीवर असलेल्या परिचारिकेच्या हातात निविदा काढण्याचा अधिकार नसतो, छतातून पाण्याचे फवारे उडविणारी नळयोजना मंजूर करण्याचाही नसतो, एवढे म्हणणे मला भाग आहे. तपासणीचा अहवाल ज्या टेबलावर पोहोचतो आणि ज्या टेबलावर थांबतो, त्या दोन टेबलांमधली वाट हा खरा प्रश्न आहे.

भोपाळचीही हकीकत याहून वेगळी नाही. तेथील कारखान्याची पाहणी करण्यासाठी १९८२ च्या मे महिन्यात मूळ अमेरिकन कंपनीचे तज्ज्ञ येऊन गेले होते आणि त्यांनी अनेक गंभीर उणिवा लेखी नमूद केल्या होत्या. १९८४ च्या डिसेंबरात ज्या रात्री मिथिल आयसोसायनेट सुटला, त्या रात्री टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळीपासून तोडलेला होता. जगातील सर्वांत भीषण औद्योगिक अपघात तपासणीच्या अभावी घडला असे म्हणणे म्हणूनच पुरेसे खरे नाही. तपासणी झाली होती. पुढची, उणिवा गेल्या की नाही हे पाहणारी रुजुवात जशी व्हावयास हवी होती तशी झाली नाही.

यास्तव माझे मत असे की, लेखापरीक्षणाचा पहिला फेरा जितका महत्त्वाचा मानला जातो, त्याहून दुसरा महत्त्वाचा आहे. अहवालाच्या तक्त्यात बहुधा पहिले चार रकाने असे असतात : उणीव, उपाय, जबाबदार अधिकारी आणि मुदत. पाचवा रकाना पूर्ततेचा असतो, आणि त्यात 'कार्यवाही सुरू आहे', 'प्रस्ताव सादर', 'निधीच्या प्रतीक्षेत' असे जे शब्द लिहिले जातात, त्यांतील एकही शब्द आग विझवीत नाही. या पाचव्या रकान्यात दोनच शब्द चालावेत, 'झाले' किंवा 'नाही'. आणि जेथे 'नाही' असेल तेथे, बॉयलरप्रमाणेच, ती जागा किंवा ते यंत्र तोवर वापरू नये. रुग्णालय बंद ठेवता येत नाही हे मान्य. पण यंत्रणा बसेपर्यंत नव्या कक्षात किती खाटा मांडाव्यात, विजेचा भार किती ठेवावा, रात्रंदिवस आगीवर लक्ष ठेवणारा एक माणूस नेमावा की नाही, हे तर निश्चितपणे ठरविता येते.

मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो. हजार किंवा अधिक कामगार असतील तर तो नेमणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सक्तीचे केले होते. परंतु नागापूरच्या, सुप्याच्या किंवा श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहतीत दहा-पंधरा माणसांवर चालणारे जे असंख्य शेड आहेत, तेथे मालकच व्यवस्थापक असतो, तोच हिशेबनीस असतो आणि अडल्या वेळी तोच यंत्रावर बसतो. अशा शेडमधला पॉवर प्रेस पाहा. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबली तरच वरचा साचा खाली यावा, म्हणजे हात आत राहण्याचा संभवच उरत नाही, अशी त्याची रचना असते. आणि पुष्कळदा असे दिसते की, डाव्या बटणावर चिकटपट्टी लावून किंवा तार गुंडाळून ते कायमचे दाबून ठेवले आहे, म्हणजे डावा हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो आणि पाळीत नग अधिक निघतात. हे करणारा कामगार मूर्ख नसतो. त्याला नगांवर पैसे मिळतात. मालकही दुष्ट नसतो. तो रोज त्या यंत्राजवळून जातो, आणि रोज दिसणारी वस्तू डोळ्याला दिसेनाशी होते. म्हणूनच बाहेरचा डोळा हवा. शेजारच्या शेडच्या मालकाने महिन्यातून एकदा आपल्या शेडमधून फिरावे आणि आपण त्याच्या, एवढी व्यवस्थाही पुष्कळ आहे. तिला खर्च नाही. एक दुपार मात्र द्यावी लागते.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानीत नाही. छोट्या उद्योजकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, विजेचे बिल असते, मोठ्या कंपनीकडून येणारे पैसे तीन-तीन महिने अडकलेले असतात. परंतु ज्या मालकाच्या शेडमध्ये एखाद्या कामगाराची चार बोटे गेली आहेत, त्याला मी खर्चाविषयी बोलताना ऐकलेले नाही. तो त्या मुलाच्या लग्नाविषयी बोलतो.

आता त्या दोन महिन्यांकडे येतो. वाचकहो, आपण जेथे काम करता ती शाळा असो, पतसंस्था असो, दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की कारखाना, येत्या जानेवारीत किंवा जुलैत एकदा कार्यालयात जाऊन विचारा, की आमच्या इमारतीचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे आणि गेल्या अहवालातील किती शेऱ्यांपुढे 'झाले' असे लिहिले आहे. मग भिंतीवरच्या लाल नळकांड्यापाशी जा. त्याच्या मानेला बांधलेल्या चिठ्ठीवर पुढच्या भरणीची तारीख असते ती वाचा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय ते पाहा, आणि त्याच्यासमोर पोती किंवा खुर्च्या रचलेल्या असतील तर कोणाच्या हुकमाची वाट न पाहता त्या बाजूला करा.